रेघ जाड होते तेव्हा

आषाढ लागला की आमच्या कॉलेजच्या मागच्या खोलीतली रेघ जाड व्हायला लागते. बाहेर तेव्हा आभाळ कोरडं ठक्क असतं. ढग येतात, आमच्या डोक्यावरून टेचात पुढं निघून जातात, पाऊस कुठं तिकडं कर्नाटकात पडतो म्हणे. हायवेवर ट्रकांच्या मागं धूळ उडत असते. आणि इकडं कुलूपबंद खोलीत, संगणकाच्या पडद्यावर, एरवी सुतासारखी बारीक चालणारी रेघ फुगते, वरखाली होते, सुताची सुतळी होते. आमच्याकडं पावसाळा आला की नाही हे मी आता आभाळ बघून ठरवत नाही, खोली उघडून ठरवते. लोक मला खुळ्यात काढतील म्हणून बोलत नाही, एवढंच.

यंदाही परवा खोली उघडली तर रेघ जाड. "खवळला वाटतं," मी आपली एकटीच म्हणाले, आणि मग माझं मलाच हसू आलं. मी अणदूरची. नळदुर्गच्या किल्ल्यातनं पडणारं पाणी हेच माझं लहानपणीचं सगळ्यात मोठं पाणी. समुद्र मी लग्नानंतर एकदाच पाहिला, तोही सांजच्याला घाईत, चप्पल हातात घेऊन. असल्या बाईनं रोज सकाळी समुद्राची खुशाली विचारावी म्हणजे काय म्हणावं. पण गोष्ट अशी आहे की ती रेघ समुद्रच काढतो. आणि त्या रेघेनं आमच्या घरात एक पावसाळा असा काही घडवला, की मी अजून त्यात चाचपडतेय. त्यातलं खरं कुठलं आणि बरं कुठलं, याचा मला आजपर्यंत नीट उलगडा झालेला नाही.

आधी त्या खोलीचं सांगते. आमचा भाग भूकंपाचा. त्र्याण्णव साली जे झालं ते झालं, त्याचं वर्णन मी करणार नाही. मी तेव्हा पाळण्यात होते, आणि ज्यांनी पाहिलं ते बोलत नाहीत. पुढं कधीतरी बाहेरच्या एका संस्थेनं आमच्या कॉलेजात जमिनीचे हादरे टिपणारं यंत्र बसवलं. खोलीत खड्डा खणून काळ्या खडकापर्यंत गेले, खडकावर सिमेंटचा ओटा बांधला, ओट्यावर ते बरणीएवढं यंत्र ठेवलं आणि वर थर्माकोलचं खोकं झाकलं. मी भूगोल शिकवते, म्हणून किल्ली माझ्या गळ्यात आली. माझं काम एवढंच, दिवा लागलाय का बघायचं, बॅटरी बघायची, उंदीर शिरला तर बोंब मारायची. आमच्या शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळे त्याला 'भूकंपाची मशीन' म्हणतात, जणू भूकंप तीच करते.

आमचं गाव नवं आहे. म्हणजे जुनं गाव पडल्यावर सरकारनं माळावर आखून दिलेलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं, घरापुढं मोठं अंगण. बाहेरून येणारा माणूस म्हणतो, किती छान ऐसपैस आहे. त्याला हे दिसत नाही की बहुतेक अंगणांत पत्र्याचं एक शेड आहे, आणि त्या शेडात बाज आहे. सिमेंटच्या घरात सामान राहतं, ज्वारीची पोती राहतात, सुना राहतात. जुनी माणसं पत्र्याखाली झोपतात. पत्रा पडला तर टेंगूळ येतं, माणूस मरत नाही, असा साधा हिशोब. 'पायाखालची जमीन सरकली' असं आमच्या गावात कुणी सहज बोलता बोलता म्हणत नाही. मी नवी असताना एकदा म्हटलं होतं, दुधाचा भाव ऐकून. ओसरीवरच्या बायका एकदम गप्प झाल्या होत्या.

आत्याबाईही पत्र्याखालीच झोपायच्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. माहेर त्यांचं कर्नाटकातलं, आळंदच्या बाजूचं, त्यामुळं बोलताना मधूनच कानडी शब्द टाकायच्या. पुरे म्हणायचं तर 'साकु'. भाजी वाढताना साकु, माझं बोलणं लांबलं की साकु, पाऊस जास्त झाला तरी आभाळाकडं बघून साकु. सकाळी अंघोळ झाली की गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा, कपाळाला विभूती, आणि मग दिवसभर कामाचा रगाडा. साठीच्या पुढंमागं असतील. अंगानं काटक, तोंडानं फटकळ, माझी त्यांची खडाजंगी ठरलेली. पण एका बाबतीत मी त्यांच्यापुढं पहिल्याच आठवड्यात हार मानली.

झालं असं, की नव्या नवरीचा उत्साह म्हणून मी स्वयंपाकघरातली मांडणी आवरली. फळीच्या टोकाला पाण्याचा एक तांब्या होता, त्यावर उपडी वाटी, आणि ती वाटी अशी तिरकी, अधांतरी, की हात लागला तरी खुळखुळावी. मी ती काढून वाट्यांच्या चळतीत नीट दाबून बसवली. आत्याबाई आल्या, फळीकडं बघितलं, वाटी काढली आणि पुन्हा तांब्यावर तिरकी ठेवली.

"ही वाजाया पायजे," त्या म्हणाल्या. "जमीन हलली की हिनं आधी वाजायचं. मग आपण भाईर."

नंतर मी गल्लीत बघितलं तर घरोघरी असंच. कुठं तांब्यावर वाटी, कुठं पेल्यावर पेला. झोपताना दाराला कडी कुणी लावत नाही, दार नुसतं लोटतात. चोर आला तरी चालेल, दार अडकायला नको. मी पण शिकले. अणदूरला माहेरी गेले की आई कडी लावते, आणि मला घुसमटल्यासारखं होतं.

आत्याबाईंचं काय झालं होतं ते मला यांनी सांगितलं. हे म्हणजे माझे मालक, आत्याबाईंचा एकुलता मुलगा. एकुलता म्हणजे, उरलेला. त्या पहाटे हे तान्हे होते, अंगावर पीत होते. रडायला लागले, थांबेनात, मोठ्या लेकीची झोप मोडू नये म्हणून आत्याबाई यांना घेऊन अंगणात आल्या. आणि मागं घर बसलं. दगडमातीचं घर, वर हातभर मातीचा थर. आत यांची बहीण होती, छबू. मामंजी त्या रात्री परगावी होते, तेही आता नाहीत. मी यांना कधीकधी चिडवते, की रडण्याचा एवढा फायदा झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे हसतात. आत्याबाईंपुढं मी हे कधी बोलत नाही.

पण छबू गेली हे आत्याबाईंचं खरं दुखणं नव्हतं. म्हणजे होतंच, पण त्याच्या आत अजून एक होतं, आणि ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, मिरच्या खुडता खुडता. आदल्या संध्याकाळी त्या घागरीतनं पाणी घ्यायला वाकल्या, तर घागरीतलं पाणी थरथरत होतं. घागरीला हात लागलेला नव्हता, कुणी चाललेलं नव्हतं. बारीक बारीक गोल उठत होते. त्यांनी ते पाहिलं, आणि कुणाला सांगितलं नाही. आदल्या वर्षापासून असे हादरे अधूनमधून यायचे, लोकांना त्याची सवय झाली होती, बोलणाऱ्याची चेष्टा व्हायची. त्यात गणपती बुडवायची गडबड.

"मला जमिनीनं सांगितलं व्हतं गं, मीने," आत्याबाई म्हणाल्या. "म्या ऐकलं न्हाय."

मी म्हटलं, मिरच्यांचं डोळ्यात जाईल, मी खुडते.

तर असं होतं. त्यामुळं आत्याबाईंनी पत्र्याखालीच झोपायचं, आणि आम्ही दोघांनी आत, यावर आमच्या घरात कधी चर्चा होत नसे. त्या पावसाळ्यापर्यंत. तो पावसाळा मात्र आमच्याकडं आला तो गेलाच नाही. आषाढात एरवी आमच्याकडं धूळ असते, त्या वर्षी चिखल होता. पत्र्यावर दिवसरात्र तडतड. आत्याबाईंची वाकळ सादळलेली, शेडात कुबट वास, आणि त्यांचा खोकला. आधी म्हणाल्या, हवेचा आहे. मग धाप लागायला लागली. उमरग्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, फोटो उजेडात धरून बघितला आणि यांना बाजूला घेऊन सांगितलं, की फुप्फुसात पाणी धरलंय, अजून एक पावसाळा ओलीत काढला तर पुढचा पावसाळा बघायला त्या नसतील.

यांनी हात जोडले. "अव्वा, आत झोप. तुझ्या पाया पडतो."

"औषध दे, घेते," त्या म्हणाल्या. "आत न्हाय."

मी भांडून बघितलं. मी सांगितलं, की हे घर कॉलमचं आहे, भूकंप धरूनच बांधलेलं आहे. त्या म्हणाल्या, जुनंबी घर आमच्या सासऱ्यानं पक्कंच बांधलं व्हतं. मी अबोला धरून बघितला. त्यांना तो बरा वाटला असावा. गल्लीतल्या बायका येऊन समजावून गेल्या, आणि त्या स्वतः घरी जाऊन पत्र्याखाली झोपल्या.

तेव्हा माझ्या शिकलेल्या डोक्यातून ती नामी कल्पना निघाली. मला वाटलं, आत्याबाईंना मशीन दाखवावं. रेघ दाखवावी. सांगावं, बघा, जमीन हलली तर ही रेघ उडते, नाहीतर अशी बारीक, सरळ. डोळ्यांनी बघा, जमीन गप आहे. माणसाला दाखवलं की पटतं, वर्गात मुलांना पटतं तसं. हे पण खूश झाले. एक गोष्ट आम्हा दोघांच्या ध्यानात आली नाही, की महिना आषाढाचा. असला घोळ आमच्याच भागातला माणूस घालू जाणे, ज्याला जमिनीची एवढी काळजी आणि समुद्राचा पत्ताच नाही. रेघ पावसाळ्यात जाड होते हे मला बघून माहीत होतं, पण मी समजत होते की ओलीमुळं वायर खराब होत असेल. तशी तक्रारही मी कळवली होती. आणि त्या तक्रारीवरूनच यंत्र बघायला त्या संस्थेची एक मुलगी नेमकी त्या दिवशी आली होती. केतकी तिचं नाव, कोकणातली, समुद्रकाठची. पोरसवदा, पाठीवर सॅक, बोलायला गोड.

आत्याबाईंनी त्या दिवशी ठेवणीतलं इरकल नेसलं होतं, देवळात जायचं असल्यासारखं. खोलीबाहेर चपला काढल्या. आत आल्या, थर्माकोलच्या खोक्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. मी म्हटलं, "ही बघा रेघ—" आणि थांबले. रेघ कुठली, तिथं नुसती वळवळ. जाड, वरखाली, एका लयीत, दम लागलेल्या माणसाची छाती हलावी तशी.

आत्याबाई किती तरी वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हलतीय की."

मी केतकीकडं बघितलं. म्हटलं, मॅडम, ही वायर खराब आहे, सांगा ना यांना.

"नाही हो, वायर छान आहे," केतकी म्हणाली. "जमीनच हलतेय. पण आजी, हा भूकंप नाही. हा समुद्र आहे."

"कुटला समुद्र? हितं?" आत्याबाई म्हणाल्या.

"आमच्याकडचा. तिकडं पाऊसवाऱ्यानं तुफान उठलंय सध्या. लाटा किनाऱ्यावर आपटतात, त्याचा धक्का जमिनीत जातो. आणि खोल पाण्यात तर अजून गंमत असते." तिनं इकडंतिकडं बघितलं, कोपऱ्यातलं घमेलं ओढलं, त्यात बाटलीतलं पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी दोन्ही कडांकडून पाणी मधे ढकललं. मधोमध पाणी उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. "अशा समोरासमोरच्या लाटा भिडल्या की मधलं पाणी वरखाली होतं, आणि प्रत्येक वेळी खालचा तळ दाबला जातो. घमेल्याला हात लावून बघा."

आत्याबाईंनी बसून घमेल्याच्या बुडाला हात लावला. "व्हय. लागतंय."

"तसा समुद्राचा तळ दाबला जातो. ते दाबणं खडकातनं पसरत पसरत इथपर्यंत येतं. पलीकडं बंगालच्या बाजूला वादळ झालं, तर तेही येतं, दिवाळीच्या पुढंमागं. जगभर असंच असतं. जमीन कधी पूर्ण शांत नसतेच."

"कधीच न्हाय?"

"कधीच नाही."

आत्याबाईंनी हात घमेल्यावरून काढला नव्हता. "आधीपासनं हाय असं? मागं, लई वर्सामागं बी?"

"समुद्र आहे तेव्हापासून, आजी."

"पावसाळ्यात जादा."

"पावसाळ्यात जास्त, हो."

मला दिसत होतं त्या कुठं पोचल्यात. भाद्रपदाची ती संध्याकाळ, घागरीतलं पाणी. त्यांच्या कपाळावरच्या आठ्या मला एक एक करून सैल होताना दिसल्या. माझ्या लग्नापासून मी त्या तशा कधी पाहिल्या नव्हत्या. मग त्या हळूच म्हणाल्या, "म्हंजी त्या टायमाला बी समुद्रच आसल."

केतकीला बिचारीला काय ठाऊक कुठला टाइम. "असणारच," ती हसून म्हणाली. "समुद्र तर नेहमीच असतो."

आत्याबाई उठल्या, बाहेर नळावर पाय धुवायला गेल्या. मी तेवढ्यात दारातच केतकीला विचारलं, की हे असलं हलणं घागरीच्या पाण्यात दिसेल का. ती म्हणाली, छे हो, अजिबात नाही. केसाच्या जाडीहूनही कमी हलते जमीन, इतकी हळू, की माणसाला कधीच कळणार नाही. पाणी डोळ्यांना थरथरताना दिसलं असेल तर तो जवळचा, खराच धक्का. मी म्हटलं, बरं. नळाचं पाणी बंद झालं होतं. आत्याबाई पदरानं पाय पुसत होत्या.

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी आपली वाकळ उचलली आणि आत आणली. मधल्या खोलीत, भिंतीला लागून, अंथरली आणि आडव्या झाल्या. हे माझ्याकडं बघायला लागले, मी यांच्याकडं. यांनी दुसऱ्या दिवशी उमरग्याहून जिलबी आणली. जिलबी खाताना यांचे डोळे भरून आले, आणि हे म्हणाले, गरम आहे. जिलबी गार होती.

मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? झाला. खोकला उतरत गेला, डॉक्टर म्हणाले, शाब्बास. पण माझ्या जिवाला एक घोर लागला. त्या आत आल्या होत्या त्या एका गैरसमजावर, असं मला वाटत होतं. घागरीत समुद्र नव्हता. घागरीत तेच होतं, ज्याची त्यांना इतकी वर्षं टोचणी होती. मी त्यांना हे सांगितलं तर त्या पुन्हा त्या टोचणीत, आणि पुन्हा पत्र्याखाली ओलीत. नाही सांगितलं तर मी एका बाईला तिच्याच आयुष्याबद्दल खोटं समजू देतेय. वर्गात मी मुलांना सांगते, की खरं ते खरं. घरात आले की वाटायचं, कशाचं खरं घेऊन बसलीस, म्हातारी सुखानं झोपतेय ना. पुन्हा वाटायचं, आणि उद्या खरंच जमीन हलली आणि ही 'समुद्र आहे' म्हणून आतच बसली तर? मग मला झोप लागेना. मजाच म्हणायची, त्या झोपायला लागल्या आणि मी जागी.

यांना विचारलं तर हे म्हणाले, "तू उगी किडे पाडू नकोस." पुरुषांचं बरं असतं.

आत्याबाई मात्र रोज विचारायच्या, "समुद्र कसा हाय गं?" मी कॉलेजातून आले की सांगायची, आज जोरात आहे, आज जरा उतरलाय. त्या मान हलवायच्या, आळंदच्या भावाची खबर ऐकावी तशी. गल्लीत त्यांनी ही बातमी पसरवली, की जमीन हलती ती समुद्रानं. बायका ऐकून घ्यायच्या, आणि त्यांतल्या एकदोघींच्या बाजा आत गेल्या. माझा घोर दुप्पट झाला. आता मी अख्ख्या गल्लीची गुन्हेगार.

श्रावणातल्या एका रविवारी दुपारी ते झालं. पाऊस भुरभुरत होता. हे घरी होते, मी ओट्यापाशी भाकरी थापत होते, आत्याबाई मधल्या खोलीत सुपात भगर निवडत होत्या. आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातनं, ट्रक उलटावा तसा. आणि फळीवरची वाटी वाजली. माझ्या लग्नापासून ती वाटी जमिनीमुळं वाजलेली मी कधी ऐकली नव्हती. बारीक खुळखुळ. पण मी हातातली भाकरी टाकून अशी पळाले की चौकट कधी ओलांडली कळलं नाही. हे माझ्या मागं. गल्ली भरली होती, माणसं भिजत उभी. मी वळून बघितलं. आत्याबाई नव्हत्या.

हे आत धावणार, तेवढ्यात मीच पुढं झाले. आत्याबाई जागेवरच बसल्या होत्या. सूप मांडीवर, तोंड दाराकडं.

"आत्याबाई, चला भाईर."

"कशाला? समुद्र हाय की."

मी खाली बसले, त्यांचे हात धरले, पिठाचे हात माझे, आणि म्हणाले, "समुद्र नव्हता हा. समुद्राचं हलणं माणसाला कळत नाही. आत्याबाई, तुमच्या घागरीत पण त्या दिवशी समुद्र नव्हता. मला माहीत होतं. मी बोलले नाही."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागावतील असं मला वाटलं. त्या रागावल्या नाहीत.

"मला ठावं हाय," त्या म्हणाल्या. "नळावर ऐकलं की म्या. ती पोरगी मोठ्यानं बोलते."

मी विचारलं, मग तुम्ही आत कशाला आलात झोपायला?

आत्याबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "ती म्हणली, जमीन कधीच उगी न्हाय. आत बी न्हाय, भाईर बी न्हाय. मग म्या म्हणलं, भाईर निजून काय करावं? तुमी दोघं आत, अन् म्या भाईर. पुन्यांदा म्या एकलीच वाचायची व्हय?"

बाहेरनं हे हाका मारत होते. अव्वा, अव्वा.

"आता बी तू भाईर गेलीस, त्यो बी गेला," त्या म्हणाल्या. "म्या दोगांलाबी बघितलं जाताना. आत कोन ऱ्हायलंय का, ते कुनीतरी बघाया पायजे. त्या टायमाला कुनी बघितलं न्हाय."

"आणि घागर?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"ते पाणी म्या बघितलं, ते माझं हाय. ते कुनी समुद्रात नको टाकाया. साकु आता, ऊठ, भाकर करपली."

भाकरी खरंच करपली होती. आम्ही बाहेर गेलो, यांनी दोघींकडं बघून नुसती मान हलवली. दुसरा धक्का आला नाही. भिजून आत आल्यावर आत्याबाईंनी फळीवरची वाटी पुन्हा तांब्यावर तिरकी ठेवली.

तेव्हापासून काही पावसाळे झाले. आत्याबाई आतच झोपतात, दाराच्या अलीकडं, आम्हाला त्यांना ओलांडूनच बाहेर जावं लागेल अशा. मी समजत होते मी त्यांना सांभाळते. त्या मला सांभाळत होत्या. त्या रोज समुद्र विचारायच्या तो स्वतःसाठी की माझं मन राहावं म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही. रेघेत आता मला समुद्रच दिसतो असंही नाही. कधीकधी ती जाड रेघ बघून वाटतं, ही आत्याबाईंची धाप आहे. कधी वाटतं, माझी. मी भूगोलाची बाई आहे, मला असं वाटता कामा नये.

आणि एक खूळ लागलंय. रेघ जाड झाली, की संध्याकाळी मी अंगणातल्या त्या रिकाम्या शेडात जाऊन बसते. बाज अजून तिथंच आहे. पायाचे तळवे जमिनीला टेकवते आणि काही कळतंय का बघते. काही कळत नाही. कळणार नाही हे मला माहीत आहे. तरी बसते. परवा पण बसले होते, भुरभुर सुरू झाली, पत्रा वाजायला लागला.

आतनं आत्याबाईंचा आवाज आला. "समुद्र कसा हाय गं आज?"

"खवळलाय," मी म्हणाले.

"खवळू दे. मीने, तू आत ये. भाईर एकलीनं बसू न्हाय."